तळजाईवर वर्षभर पक्षी पाहायचे असतील तर

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : आपण पुण्यात सहकारनगरात राहता, रोज सकाळी तळजाई टेकडीवरच्या वन उद्यानात फिरायला जाता, परंतु मोर, पोपट आणि कावळे यांपलीकडे फारसे काही दिसत नाही, तेव्हा कोणत्या ऋतूत काय पाहावे, दुर्बीण आणि कॅमेरा यांपैकी आधी काय घ्यावे, आणि हे सगळे सोडून सरळ उजनी जलाशयाकाठच्या, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध अशा भिगवणलाच जावे का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भिगवणला अवश्य जावे, पण शिकायला जाऊ नये. एका सकाळी कोणीतरी पन्नास-साठ जाती दाखवून दिल्या, तर त्यांतल्या दहाही लक्षात राहत नाहीत. घराजवळच्या एकाच जागी वर्षभर जाणाऱ्याला मात्र तेवढ्याच जाती हळूहळू ओळखीच्या होतात, आणि कोणता पक्षी कधी येतो, कोणत्या झाडावर काय खातो व कधी दिसेनासा होतो, हे त्याचे त्याला कळू लागते. माझ्या मते या छंदाचे खरे सुख त्यातच आहे.

त्यासाठी पहिली अट अशी की, व्यायामाचे फिरणे आणि पक्षी पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. झपझप चालणाऱ्या माणसाला पक्षी दिसतात ते उडून जातानाच. आठवड्यातली एक सकाळ केवळ निरीक्षणासाठी ठेवावी, किलोमीटरभराची एकच वाट निश्चित करावी आणि ती दीड तासात पार करावी. वाटेवर चार-पाच थांबे ठरवून प्रत्येक ठिकाणी किमान दहा मिनिटे हालचाल न करता उभे राहावे. आपण आल्यामुळे गप्प झालेली झुडपे पुन्हा बोलू लागायला तेवढा वेळ लागतोच. पुण्यात मेअखेरीस सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीत सात वाजून गेलेले असतात, म्हणून घड्याळाची वेळ न ठरवता सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्या थांब्यावर असावे, एवढा नियम पुरेसा आहे. मोबाइलवर मोठ्याने भक्तिगीते लावून फिरणाऱ्या मंडळींशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाटेपासून थोडी आडवाट शोधणे अधिक सोपे जाते.

वाट निवडताना झाडे पाहावीत. पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणाच्या काळात गिरिपुष्प, म्हणजे लोक ज्याला उंदीरमारी म्हणतात ते मूळचे मध्य अमेरिकेतील झाड, मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते झपाट्याने वाढते, उजाड उतार हिरवे करते, पण जिथे त्याचीच एकसुरी दाटी आहे तिथे पक्ष्यांचे वैविध्य कमी आढळते. त्यामुळे दाटीच्या मधोमध जाण्यापेक्षा तिच्या कडेने जावे. एका बाजूला गवताचा मोकळा तुकडा, दुसऱ्या बाजूला बोरी-बाभळी, मधे एखादा वड, उंबर किंवा पिंपळ, शक्य झाल्यास एखादी काटेसावर किंवा पांगारा आणि जुना कडुनिंब, एवढे एका वाटेवर मिळाले तर आणखी काही नको. एखाद्या झाडावर बांडगूळ असेल, तर तेही आपल्या थांब्यांत धरावे, कारण फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी मुख्यतः त्याच्या फळांवर जगतो आणि चिकट बिया फांदीवर पुसून बांडगुळाचा प्रसारही तोच करतो.

आता ऋतूंविषयी. सुरुवात कोणत्याही महिन्यात करता येईल, पण मी पावसापासून सांगतो, कारण पुढचे बरेचसे त्यावरच ठरते. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मृगाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून पंखवाली वाळवी बाहेर पडते, त्या संध्याकाळी टेकडीवर असणे चुकवू नये. कोतवाल, वेडे राघू, साळुंक्या, कावळे आणि घारीसुद्धा एकाच वेळी तिच्यावर तुटून पडतात. खाली ओल्या मातीत लाल मखमली मृगाचे किडे फिरू लागतात. किड्यांची ही सुगी सुरू झाली, की अनेक पक्ष्यांची वीण सुरू होते, कारण एरवी दाणे खाणाऱ्या सुगरणीलाही पिल्लांना किडेच भरवावे लागतात. नर सुगरण पिवळाधमक होऊन अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते आणि पसंत पडले तरच उरलेले काम पूर्ण होते. टेकडीवर त्यांची वसाहत सापडली नाही, तर ओढ्याकाठच्या किंवा विहिरीवर झुकलेल्या बाभळी पाहाव्यात. सुभग हा चिमणीहून लहान, पिवळा-काळा पक्षी वर्षभर इथेच असतो, पण एरवी पानांत हरवलेला असतो. जून-जुलैत मात्र नर हवेत उंच उडी घेतो आणि पाठीवरची पांढरी पिसे फुलवून गिरक्या घेत फांदीवर उतरतो, तेव्हा नवख्यालाही तो ओळखता येतो.

पावसाळ्याचा मला सर्वाधिक आवडणारा भाग म्हणजे कोकिळांचे कूळ. कोकीळ आपणास ठाऊकच आहे. मार्चपासून त्याचा गळा खुलतो आणि कावळ्यांची वीण असेपर्यंत तो गात राहतो, कारण त्याच्या मादीला अंडी कावळ्यांच्याच घरट्यात घालायची असतात. ही मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असल्याने अनेक जण तिला वेगळाच पक्षी समजतात. त्यानंतर पावशा येतो, ज्याची ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ही चढत जाणारी हाक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले आहेत. मेअखेर किंवा जूनच्या आरंभी, पावसाच्या आगेमागे, आफ्रिकेतून चातक येतो. काळी पाठ, पांढरे पोट आणि डोक्यावर तुरा असल्याने त्याच्याबाबत गोंधळ होण्याचे कारण नाही. पावशा आणि चातक हे दोघेही सातभाईंच्या घरट्यांवर डोळा ठेवून असतात, तर कारुण्य कोकिळा शिंपी आणि वटवटे या लहान पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातभाईंचा थवा दिसला, की तो घाईने ओलांडून पुढे जाऊ नये. त्यात एखादे बेढब, सतत चोच वासून ओरडणारे आणि बाकीच्यांशी काहीच साम्य नसलेले पिल्लू आहे का, हे पाहावे. असल्यास ते चातकाचे किंवा पावशाचे असण्याची शक्यता मोठी, आणि सातभाई त्याला मनोभावे भरवत असतात.

याच काळात मोरांकडेही नव्या नजरेने पाहता येईल. मोर रोज दिसतो म्हणून आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, परंतु त्याच्या पिसाऱ्याची वर्षभराची नोंद ठेवणारे फार थोडे आहेत. विणीचा काळ सरत आला, की पिसारा गळू लागतो, पावसाळ्याच्या अखेरीस बोडका दिसणारा नर काही आजारी नसतो, आणि पुढच्या काही महिन्यांत नवी पिसे पुन्हा लांब होत जातात. पावसाळ्यात गवत वाढल्यावर पायवाट मात्र सोडू नये. घोणस आणि नाग हे दोन्ही पुण्याच्या टेकड्यांवर आहेत, आणि गवतात न घुसण्याचे दुसरे कारण असे की, तित्तर आणि लावे यांची घरटी जमिनीवरच असतात.

सप्टेंबर उजाडला, की पाहुण्यांची वाट पाहायला लागावे. आकाशात चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात, घाणेरीच्या आणि रानफुलांच्या ताटव्यांवर फुलपाखरांची गर्दी होते. नीलवंत, ज्याला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला, तोही याच दिवसांत पाहावा. पक्ष्यांमध्ये बहुधा पहिला क्रमांक करड्या धोब्याचा लागतो. एखाद्या ओलसर वाटेवर शेपटी वरखाली हलवत चालणारा, पोटाशी पिवळसर असा हा सडपातळ पक्षी दिसला, की हिवाळी स्थलांतर सुरू झाले असे समजावे, मग पुण्यात उकाडा कितीही असो. त्यामागोमाग वटवटे येतात. इथे नवखे निरीक्षक हात टेकतात, कारण हे सगळे लहान, मळकट आणि एका जागी न थांबणारे असतात. त्यावर माझा उपाय असा आहे की, रंग सोडून द्यावा आणि उंची व आवाज धरावा. झाडाच्या शेंड्याजवळ पानोपानी फिरत ‘चिस्वी’ असा दुहेरी, टोकदार आवाज काढणारा बहुधा हिरवट वटवट्या असतो, तर कमरेइतक्या झुडपात दडून थोड्या थोड्या वेळाने ‘चक्, चक्’ करणारा तपकिरी पक्षी ब्लाइथचा वटवट्या असतो. या दोघांना ऑक्टोबरभर कानाने ओळखायला शिकले, तरी त्या हंगामाचे काम झाले.

ऑक्टोबरमध्ये थिरथिरा येतो. तो झुडपात लपत नाही. दगड, कुंपणाचा खांब, एखादे बांधकाम अशा उघड्या जागी बसून तांबूस शेपटी सतत थरथरवतो, आणि हिमालयापासून मध्य आशियापर्यंतच्या उंच प्रदेशांतून येऊनही बहुधा एखादा लहानसा तुकडा निवडून हिवाळाभर तिथेच राहतो, त्यामुळे एकदा त्याचा खांब कळला, की दर आठवड्याला भेट ठरलेलीच. लाल छातीचा माशीमार झाडांच्या सावलीत असतो; त्याची काळी शेपटी वर उडाली, की बुडाशी दोन पांढरे डाग चमकतात आणि ‘टिर्रर्र’ असा कोरडा आवाज येतो. राखी कोतवाल त्याच सुमारास येतो आणि आपल्या काळ्या कोतवालाच्या उलट मोकळ्या तारांऐवजी दाट झाडी पसंत करतो. शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. १२ नोव्हेंबर हा पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस. त्या आठवड्यात टेकडीवर जाणकार मंडळींसोबत फिरण्याची संधी मिळाल्यास ती जरूर घ्यावी.

डिसेंबर-जानेवारीत एक वेगळी गोष्ट पाहायला मिळते, ती म्हणजे मिश्र थवा. बराच वेळ झाडी निःशब्द असते, आणि अचानक पाच मिनिटांत एकाच झाडावर चष्मेवाले, सुभग, शिंपी, छोटे निखार, हिरवट वटवटे आणि शेपटीचा पंखा फुलवत नाचणारा नाचण असे सगळे मिळून येतात आणि तसेच पुढे सरकतात. अनेक डोळे असले म्हणजे शिक्रा हा शिकारी पक्षी आधी दिसतो, आणि एकाने उठवलेला किडा दुसऱ्याच्या चोचीत पडतो, असा दुहेरी फायदा यात असतो. अशा वेळी थव्याच्या मागे धावू नये. तो कोणत्या दिशेने सरकत आहे ते पाहून पुढच्या झाडाखाली जाऊन थांबावे. स्वर्गीय नर्तकही याच महिन्यांत दाट भागात दिसण्याची शक्यता अधिक. लांब शेपटीचा पांढराशुभ्र नर सर्वांनाच हवा असतो, पण मादी आणि कोवळे नर तांबूस असतात, हे ध्यानात ठेवावे.

वर्षातला सर्वांत सोपा आणि सर्वांत श्रीमंत काळ फेब्रुवारी-मार्चचा. सावर, पांगारा आणि पळस ही झाडे पाने टाकून फुलतात, त्यामुळे वर बसलेले काहीही लपत नाही. सावरीचे फूल म्हणजे मधुरसाने भरलेली वाटीच असते आणि तिच्यासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, शिंजीर, खारी यांची पहाटेपासून रांग लागते. त्यांच्या कपाळावर आणि चोचीवर चिकटलेला पिवळा परागही दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. रस पिऊन पुढच्या झाडावर गेलेला पक्षी तो पराग तिथे पोहोचवतो. आपल्या वाटेवर एक जरी सावर असली, तरी त्या महिन्यात वाट चालूच नये, तिच्यासमोर सूर्य पाठीशी घेऊन बसावे. भोरड्या याच झाडांवर मोठ्या संख्येने उतरतात. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियाकडून येतात, ऑगस्टपासूनच दिसू लागतात, ज्वारीच्या शेतकऱ्यांना नकोशा होतात, पण टोळ आणि नाकतोडे खाऊन थोडीफार भरपाईही करतात. मार्च-एप्रिलमध्ये परतण्यापूर्वी त्यांचा गुलाबी रंग अधिक खुलतो. जांभळ्या शिंजिराचेही तसेच आहे. पावसाळ्यानंतर ज्या नराच्या पिवळसर छातीवर केवळ एक गडद पट्टा होता, तोच आता उन्हात निळा-जांभळा चमकतो.

उन्हाळ्यात लोक दुर्बीण कपाटात ठेवतात, हे मला कधीच पटलेले नाही. हा घरट्यांचा काळ आहे. तांबट वाळलेल्या फांदीत गोल भोक कोरून ‘टुक, टुक’ असा घणाचा ठोका दिवसभर चालू ठेवतो. वेडे राघू मातीच्या उभ्या कडेत बोगदा खणतात, म्हणून वाटेच्या कडेची मातीची दरडही पाहत जावी. पिंगळा झाडाच्या ढोलीत असतो. मोकळ्या, खडकाळ माळावर माळटिटवी खड्यांच्या रंगाची अंडी उघड्यावरच घालते. राखी धनेशाचा संसार तर ऐकून खोटा वाटावा असा आहे : मादी ढोलीत बसते, दार लिंपून घेते, केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे तिला उंबर, वड, पिंपळ यांची फळे आणून देतो. धनेशासाठी तळजाईऐवजी एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या, मोठ्या झाडांच्या जागी प्रयत्न करणे बरे, कारण ढोली जुन्या झाडांतच होतात. वड, पिंपळ आणि उंबर यांचे महत्त्व असे की, त्यांची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. प्रत्येक झाडाचे वेळापत्रक निराळे, त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात एखादे तरी झाड फळांनी लगडलेले असते आणि हरियल, तांबट, कोकीळ, बुलबुल तिथे हमखास सापडतात. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हिरव्या पानांत हिरवे कबूतर दिसणे अवघड, म्हणून आधी खाली पडलेली फळे आणि मग वरची हालचाल पाहावी.

मेअखेरीस, वळवाच्या पावसाबरोबर, नवरंग दक्षिणेकडून वर येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची स्पष्ट शीळ ऐकू येते, पण तो पालापाचोळ्यात जमिनीवर वावरत असल्याने दर्शन अवघड. प्रवासात थकलेला नवरंग शहरात एखाद्या गॅलरीत किंवा आवारात आढळल्याचे दर वर्षी कानावर येते. तसे झाल्यास त्याला पाणी पाजण्याचा आग्रह धरू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

साधनांबाबत थोडक्यात सांगतो. आधी दुर्बीण घ्यावी, आणि ती ८×४२ असावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलीमीटरमधला व्यास. दहा पटीची दुर्बीण दुकानात अधिक आकर्षक वाटते, परंतु तिच्यात हाताचा कंप अधिक जाणवतो आणि दृश्याचा पल्ला अरुंद होत असल्याने झाडीत उड्या मारणारा वटवट्या सापडतच नाही. कॅमेरा पहिले वर्ष घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा हाती असला, की माणूस पक्ष्याची वागणूक पाहायची सोडून त्याच्या डोळ्यावर फोकस शोधत बसतो, आणि घरट्याच्या अधिकाधिक जवळ जातो. घरट्याजवळ दोन मिनिटांहून अधिक थांबू नये, फांद्या बाजूला करू नयेत, आणि पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. विणीच्या काळात नर आपला इलाका राखण्यासाठी त्या आवाजावर नाहक धावून येतो. मोरांना धान्य टाकणेही टाळावे. ते धीट होतात, भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, आणि शिवाय मोर हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे.

राहिला प्रश्न नोंदींचा. साध्या वहीत तारीख, वेळ, हवामान, पक्षी, संख्या आणि तो कोणत्या झाडावर काय करत होता, एवढे लिहावे. ‘आज थिरथिरा दिसला नाही’ ही नोंददेखील तितकीच मोलाची आहे, कारण तो नेमका कधी परतला हे तिच्यावरूनच ठरते. वही सवयीची झाली, की तीच यादी पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर भरावी. तिथे दिसलेली प्रत्येक जात, अगदी कावळा आणि पारवाही, संख्येसह द्यायची असते. मर्लिन हे अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवते. त्याचा उपयोग जरूर करावा, पण त्याने सुचवलेले नाव पक्षी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज किंवा आवाजाची खात्री पटल्याखेरीज यादीत घालू नये, विशेषतः वटवट्यांच्या बाबतीत. आणि जो पक्षी ओळखू आला नाही, त्याच्यापुढे अंदाजाने नाव न लिहिता चोचीचा आकार, शेपटीची हालचाल आणि बसण्याची जागा लिहून ठेवावी. ब्लाइथचा वटवट्या मला तरी अशाच तीन-चार अनामिक नोंदी शेजारी ठेवल्यावर नीट कळला.